पहाटे पिकअप चालू होत नाही? आधी आवाज ऐका, मग पाना उचला

डिसेंबर-जानेवारीत निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात पहाटेचा पारा 5-6 अंशांवर येतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात कधीकधी त्याहूनही खालचा आकडा नोंदला जातो. लाल कांदा लासलगावला पोचवायचा असतो किंवा भाजीपाला घेऊन कसारा घाट उतरायचा असतो, आणि नेमकी तेव्हाच गाडी रुसते. दोष थंडीवर ढकलला जातो. पण 5 अंश ही धडधाकट डिझेल इंजिनाला अडवणारी थंडी नाही. हिमाचल-लडाखात पिकअप शून्याच्या खालीही चालू होतात. नाशिकची थंडी एवढंच करते की बॅटरी, केबल, डिझेलची लाइन किंवा हीटर प्लग (थंड सिलिंडर आतून तापवणारे प्लग) यांपैकी जे आधीच कमजोर झालंय ते उघडं पाडते. म्हणून थंडीवरचा इलाज शोधू नका, कमजोर भाग शोधा. आणि तो इंजिन थंड असतानाच शोधा, कारण एकदा गाडी तापली की हे दुखणं दिवसभर लपून बसतं.

चावी फिरवल्यावर काय होतं?

निम्मं निदान इथेच होतं. सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) मारायच्या आधी रेडिओ, हेडलाइट, पंखा बंद करा, गाडी न्यूट्रलला घ्या आणि क्लच पूर्ण दाबा. क्लच दाबल्याने गिअरबॉक्समधलं थंड, घट्ट ऑइल ढवळण्याचा भार सेल्फवरून उतरतो. काही गाड्यांत क्लच स्विच असतो, तिथे क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही.

भराभर ‘कटकटकट’ आवाज येऊन डॅशबोर्डचे दिवे मंद होत असतील तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल ढिलं आहे. एकच मोठा ‘टक’ आला आणि दिवे तसेच प्रखर राहिले, तर सोलेनॉइडचे (सेल्फवरच्या मोठ्या विजेच्या स्विचचे) आतले कॉन्टॅक्ट जळलेत किंवा सेल्फचे कार्बन ब्रश संपलेत. सेल्फ ‘सुंऽऽ’ करत मोकळाच फिरतोय आणि इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स (सेल्फला इंजिनाच्या चाकाशी जोडणारं छोटं गिअर) पकडत नाही. काहीच आवाज नाही, तर फ्यूज, सेल्फचा रिले, क्लच स्विच, इग्निशन स्विच या क्रमाने पाहा. इंजिन जड-जड, दमल्यासारखं फिरत असेल तर पुन्हा बॅटरी आणि केबल. आणि इंजिन नेहमीच्या वेगाने फिरतंय पण पेटत नाही, तर बॅटरीचा नाद सोडा. दुखणं डिझेलमध्ये किंवा हीटर प्लगमध्ये आहे.

सेल्फ एका वेळी 10 ते 15 सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि दोन प्रयत्नांत किमान एक मिनिट जाऊ द्या. सलग मारत राहिलं की सेल्फची वाइंडिंग तापते आणि मग दोनशे रुपयांच्या दुखण्याला काही हजारांचं दुसरं दुखणं जोडलं जातं.

बॅटरी आणि केबल: दहातली बहुतेक प्रकरणं इथेच संपतात

चार-पाचशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर घ्या. पहाटे चावी लावण्याआधी, बोनेट उघडून बॅटरीच्या दोन्ही पोलवर व्होल्ट मोजा. 12.6 आले तर बॅटरी भरलेली, 12.4 म्हणजे पाऊण, 12.2 म्हणजे निम्मी. 12.0 किंवा खाली असेल तर ती जवळपास रिकामी आहे. गाडी नुकतीच बंद केल्यावर मोजू नका, कारण तेव्हा आकडा खोटा चढलेला दिसतो.

आता कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकड्यावर नजर ठेवा. 10 च्या वर राहिला तर उत्तम. 9.6 च्या खाली गेला, आणि आधी 12.5 दाखवत होता, तर बॅटरीत चार्ज आहे पण दम नाही. एखादा सेल गेलाय किंवा प्लेटा झिजल्यात. झाकणवाली बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने सहाही सेलचं ऍसिड तपासा. भरलेल्या बॅटरीत घनता 1.240 ते 1.280 असते. पाच सेल 1.250 दाखवतायत आणि एकच 1.150, तर कितीही चार्ज करा, ती बॅटरी बदलावीच लागणार.

यामागचं कारण सोपं आहे. बॅटरीतली रासायनिक क्रिया गारठ्यात मंदावते. शून्याच्या आसपास तिची ताकद पाव ते तिसऱ्या हिश्श्याने घटते. त्याच वेळी इंजिन ऑइल घट्ट होऊन सेल्फला जास्त जोर लागतो. बॅटरी खरी मरते ती एप्रिल-मेच्या उन्हात, पाणी आटून आणि प्लेटा गंजून; पण तिची कमजोरी जानेवारीत कळते. म्हणून डिस्टिल्ड वॉटरची पातळी उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पाहायची असते. नळाचं किंवा बोअरचं पाणी बॅटरीत कधीच घालू नका.

बॅटरी नवी असूनही सेल्फ जड फिरतोय? मग केबल. डिझेल पिकअपचा सेल्फ थंडीत 200 ते 400 अँपिअर ओढतो. वाटेत एखाद्या गंजलेल्या जोडात 0.01 ओहम जरी रोध असला, तर 250 अँपिअरला 2.5 व्होल्ट तिथेच खलास होतात. दिवे-हॉर्न थोड्या अँपिअरवर चालतात, त्यामुळे ते ठणठणीत वाटतात आणि माणूस फसतो. हे डोळ्यांनी कळत नाही, मोजावं लागतं. मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनस पोलवरच टेका, क्लॅम्पवर नव्हे. लाल पिन इंजिनाच्या उघड्या धातूवर दाबा आणि सेल्फ मारायला सांगा. 0.2 च्या आत आकडा असेल तर अर्थिंग चांगली. 0.5 च्या वर गेला तर अर्थिंगची पट्टी किंवा तिचे बोल्ट खराब. तसंच बॅटरीच्या प्लस पोलपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत मोजा, तिथे 0.5 पर्यंत चालतं. इंजिन ते चेसिसची विणलेली पट्टी मात्र जरूर पाहा. कांदा-द्राक्षांच्या शेतात चिखल-पाण्यातून चालणाऱ्या गाड्यांत ती आतून हिरवी पडून कुजलेली असते आणि वरून मात्र धड दिसते.

पोलवर पांढरा-हिरवा खार जमला असेल तर आधी मायनस, मग प्लस काढा. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ब्रशने घासा. फेस येणं थांबलं की खार गेला. झाकणाच्या भोकांतून सोडा बॅटरीत जाणार नाही एवढं बघा. पोल आणि क्लॅम्पची आतली बाजू सँडपेपरने चकचकीत करा. लावताना आधी प्लस, मग मायनस. क्लॅम्प हाताने फिरता कामा नये. घट्ट केल्यावर वरून व्हॅसलिन चोपडा. आधी व्हॅसलिन आणि मग क्लॅम्प असा उलटा क्रम नको.

दर दोन-तीन दिवसांनी बॅटरी उतरत असेल तर कुणीतरी रात्रभर करंट खातंय. जीपीएस ट्रॅकर, बाहेरून लावलेलं म्युझिक सिस्टीम, हौद्यातला दिवा हे नेहमीचे संशयित. मीटर 10 अँपिअरच्या खाचेत लावून मायनस केबल काढून ती आणि पोल यांच्या मधे जोडा, गाडी बंद, दारं बंद. वीसेक मिनिटांनी 0.05 अँपिअरच्या खाली आकडा आला पाहिजे. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. जो काढल्यावर आकडा पडतो, त्या लाइनवर चोर आहे. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ चुकूनही मारायचा नाही, मीटर जळेल.

इंजिन फिरतंय, पेटत नाही: धूर पाहा

सेल्फ मारताना सायलेन्सरकडे एक माणूस उभा करा. अजिबात धूर नाही, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचत नाही. पांढरा, डोळ्याला झोंबणारा धूर येतोय, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही, म्हणजे हीटर प्लग किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचा जोर).

धूर नसेल तर एअरचा संशय घ्या. लक्षण ठरलेलं असतं: पहाटे लांबलचक सेल्फ, मग अडखळत सुरू, आणि नंतर दिवसभर एका सेल्फला चालू. रात्रभरात डिझेल लाइनमधून मागे टाकीत उतरतं आणि तिथे हवा भरते. याची खात्री फुकटात होते. पहाटे सेल्फ मारायच्या आधी फिल्टरवरचा हातपंप दाबा. दोन-चार दाबांत तो कडक झाला तर लाइन भरलेली आहे. पंधरा-वीस दाब द्यावे लागले आणि त्यानंतर गाडी झटक्यात सुरू झाली, तर गळती सापडलीच समजा. बँजो बोल्टचे (डिझेल पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर, फिल्टरचं रबर सील, टाकीजवळचे कडक झालेले होज आणि त्यांचे क्लिप बघा. हवा आत घेणारी फट डिझेल बाहेर गळू देईलच असं नाही, म्हणून ओल दिसत नाही यावर विसंबू नका. तांब्याचा वॉशर एकदा काढला की नवाच टाका.

कॉमन रेल इंजिनात (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळतं अशा इंजिनात) आणखी एक अट असते. रेलमध्ये ठरावीक दाब, साधारण 200 बारच्या आसपास, तयार झाल्याशिवाय इसीएम (इंजिनाचा कंप्युटर) डिझेल फवारणारं नोझल उघडतच नाही. सेल्फ हळू फिरला तर पंप तेवढा दाब करू शकत नाही. म्हणजे इथे कमजोर बॅटरी डिझेलच्या दुखण्याचं सोंग घेते. एखादं नोझल रिटर्नला जास्त डिझेल सोडत असेल तरी हेच होतं. ती तपासणी मात्र गॅरेजमध्ये रिटर्न पाइपला बाटल्या लावून करावी लागते. अशा इंजिनाचे हाय प्रेशर पाइप सैल करून एअर काढायला जाऊ नका. ती धार कातडी भेदून आत जाते.

फिल्टरखालचा पाण्याचा नळ सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या. पाणी तळाशी वेगळं दिसेल. अर्धी टाकी रात्रभर गारठ्यात राहिली की आत दव धरतं, म्हणून हिवाळ्यात टाकी संध्याकाळीच भरलेली बरी.

डिझेल गोठलं, असं पहाटे सर्रास ऐकू येतं. बहुतेकदा ते खरं नसतं. भारतीय मानकात डिझेल फिल्टरमधून वाहण्याची मर्यादा हिवाळ्यासाठी 6 अंश आणि उन्हाळ्यासाठी 18 अंश आहे. हिवाळी डिझेल निफाडच्या नेहमीच्या गारठ्यात काम देतं. पण महिनोन्महिने उभ्या गाडीत किंवा शेतावरच्या बॅरलमध्ये जुनं उन्हाळी डिझेल असेल, तर त्यात मेणाचे कण धरून फिल्टर तुंबू शकतो. डिझेल गढूळ दिसेल. फिल्टरवर गरम पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळा, दहा मिनिटं थांबा, मग ताजं डिझेल मिसळा. रॉकेल ओतू नका. कॉमन रेल पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं.

हीटर प्लग

सगळ्याच पिकअपना हे नसतात, आधी तेवढं पाहून घ्या. डॅशबोर्डवर स्प्रिंगसारखं चिन्ह उमटत असेल तर आहेत. ते विझेपर्यंत थांबून मगच सेल्फ मारायचा. घाईत ही पायरी गाळली जाते. तपासायला प्लगची वायर काढा आणि प्लगच्या टोकापासून इंजिनापर्यंत ओहम मोजा. साधा 12 व्होल्टचा प्लग 0.5 ते 2 ओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर जळला. चारपैकी एक गेला तर इंजिन थरथरत, पांढरा धूर सोडत सुरू होतं. तीन गेले तर दमछाक. चारही ठीक असतील तर रिले आणि त्याचा मोठा फ्यूज बघा. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर खोटं सांगत असेल तरी इसीएम इंजिन गरम समजून प्लग तापवतच नाही. नव्या गाड्यांतले काही प्लग कमी व्होल्टचे असतात, त्यांना थेट बॅटरी लावून पाहू नका. प्लग काढायचेच असतील तर इंजिन कोमट असताना काढा. थंड हेडमध्ये ते अर्ध्यात तुटतात.

हे सगळं ठीक असूनही पांढरा धूर आणि जड सुरुवात कायम असेल, तर प्रश्न कॉम्प्रेशनचा आहे. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडून बघा. भकाभका धूर येत असेल तर रिंगा झिजल्यात, आणि ते काम अंगणात होत नाही. त्याआधी ऑइलचा ग्रेड पाहा. 15डब्ल्यू-40 सांगितलेल्या इंजिनात 20डब्ल्यू-50 भरलं असेल तर थंडीत सेल्फला नाहक जोर पडतो.

सीएनजी पिकअपमध्ये पाळी वेगळी: आधी पेट्रोलवर सुरू करून पाहा. पेट्रोलवरही नखरे करत असेल तर स्पार्क प्लग आणि कॉइल. पेट्रोलवर चालते आणि सीएनजीवर बंद पडते, तर रेग्युलेटर आणि सीएनजी फिल्टर.

हे करू नका, हे करा

टाकी किंवा चेंबरखाली (इंजिन ऑइलच्या तळाच्या डब्याखाली) जाळ करू नका. एअर फिल्टरच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा किंवा स्प्रे धरू नका. हीटर प्लग तापलेला असेल तर मॅनिफोल्डमध्येच (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांतच) भडका होतो. भरलेली गाडी उतारावर धक्का स्टार्ट करू नका: इंजिन बंद असताना ब्रेक बूस्टर एक-दोन दाबांपलीकडे साथ देत नाही, आणि बॅटरी पुरती मेलेली असेल तर इसीएम जागाच होत नाही.

जंपर लावायचा असेल तर लाल वायर मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या धातूवर, बॅटरीपासून लांब. चालू गाडी पाच मिनिटं थोड्या रेसवर ठेवा आणि मग सेल्फ मारा. बारीक वायरचे स्वस्त जंपर डिझेलला पुरत नाहीत. गाडी सुरू झाल्यावर बॅटरीवर 13.8 ते 14.5 व्होल्ट यायला हवेत. नाही आले तर बेल्ट आणि डायनेमो तपासा, नाहीतर उद्या पहाटे पुन्हा हेच.

एवढं करून मेकॅनिककडेच न्यायची वेळ आली, तर गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजला लावून ठेवा आणि पहिला सेल्फ त्यालाच मारू द्या. गरम इंजिन घेऊन गेलात तर त्याला काहीच सापडणार नाही. सोबत कागदावर चार गोष्टी लिहून द्या: पहाटेचे व्होल्ट, सेल्फ मारताना पडलेले व्होल्ट, हातपंपाचे दाब आणि धुराचा रंग.