शेगडीचा धूर घरात येत होता, असा बंद केला

पन्हाळ्याच्या पायथ्याला आमचं जुनं घर आहे, पावसाळ्यात लय गारठा म्हणून लाकडाची लोखंडी शेगडी बसवली, पत्र्याचा पाईप वर काढला. दुसऱ्याच महिन्यात धूर घरात! बायको म्हणाली, गुऱ्हाळ काढलंय काय?

शेगडी पूर्ण गार झाल्यावर पाईप उतरवला तर आत डांबरासारखा चिकट थर. चूक माझीच, ओली बाभूळ घालायचो आणि रात्री हवेची झडप जवळजवळ बंद, म्हणजे आग नुसती धुमसणार, पाईप थंड, धूर आतल्या आतच थिजणार. हा थर पेटला तर धुरांड्यात १००० डिग्रीच्या वर जातंय राव, घरच गेलं असतं.

तारेच्या ब्रशनं सगळं खरवडलं, पाईपवर शेगडीपासून दीडेक फुटावर चुंबकाचा थर्मामीटर चिकटवला. एकेरी पत्र्याला बाहेरून साधारण १२० ते २४० डिग्री सेल्सिअस ठीक, खाली राहिला की थर धरतो, वर गेला की झडप कमी करायची. (आधी लांबून तापमान मोजणारी लेसर गन वापरली, पण चकचकीत पत्र्यावर ती आकडा फार कमी दाखवते, फसलो.) लाकूड आता वर्षभर शेडमध्ये वाळवतो, ओलावा २० टक्क्यांच्या आत आला की मगच शेगडीत. शेगडीच्या दाराची काच पण काळी होत नाही आता.