वेताची जाळी पाण्यात टाकण्याआधी

खुर्चीच्या बैठकीत वेताची तयार जाळी ताणून बसवायला तासाभराहून जास्त वेळ लागत नाही. वेळ जातो तो तयारीत, आणि काम बिघडते तेही तिथेच. जाळी एकदा भिजली की ती तुमच्यासाठी थांबत नाही. मराठवाड्यात होळीनंतर मृगापर्यंत हवा अशी कोरडी असते की पाण्यातून काढलेल्या जाळीच्या कडा अर्ध्या-पाऊण तासात कडक व्हायला लागतात. तेवढ्यात पाचर शोधायला उठावे लागले तर जाळी पुन्हा भिजवण्यावाचून इलाज नाही. म्हणून पुढचे सगळे कोरड्या हातांनी आधी उरकून घ्या.

सगळ्यात आधी चौकट नीट बघा. मोकळ्या भागाभोवती सलग खाच असेल तर तयार जाळी बसते. खाचेऐवजी ओळीने आरपार भोके असतील तर ती खुर्ची हाताने एकेक वेत ओवून विणलेली आहे, आणि तिला विणणाराच लागतो. जुन्या वाड्यांतल्या आरामखुर्च्यांना बऱ्याचदा अशी भोके दिसतात. त्यांवर खिळ्यांनी जाळी ठोकून देऊ नका. भार खिळ्याजवळच्या दोन-चार धाग्यांवर येतो आणि ते तुटतात, शिवाय ओल्या सागवानाला लोखंड लागले की काळा डाग पडतो, तो पॉलिशनेही जात नाही. कपाटाच्या दाराला खाच नसेल तर मागून जाळी लावून वर लाकडी बीडिंग मारता येते, कारण तिथे कुणी बसणार नसते.

आता खाचेचे माप. ते सुतांत घ्या, कारण सुतारही त्याच भाषेत पट्टी तासून देईल. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३ मिलिमीटर. खुर्च्यांची खाच बहुधा दीड ते दोन सूत रुंद असते आणि खोली निदान दोन सूत तरी हवी. खाचेत दाबून बसवायची पट्टी वेताच्या गाभ्याची असते, वर रुंद आणि खाली निमुळती. ती खाचेपेक्षा अर्धा सूत अरुंद घ्यायची, कारण उरलेली जागा जाळी स्वतः व्यापते. खाच दोन सूत तर पट्टी दीड सूत. इथे ‘घट्ट बसली म्हणजे चांगली’ हा हिशेब चालत नाही. जाड पट्टी ठोकली की खाचेची बाहेरची भिंत उभी चिरते, आणि ती चीर जोडणे हे जाळी बसवण्यापेक्षा मोठे काम आहे. पट्टी फार बारीक असेल तर बसणाऱ्याच्या वजनाने दोन-तीन महिन्यांत जाळी सुटते. खाच चारही बाजूंना सारखी असेलच असे नाही, तेव्हा आठ ठिकाणी मोजा आणि सगळ्यांत अरुंद माप धरा.

जाळीचे माप खाचेच्या बाहेरच्या कडेपासून घ्या आणि प्रत्येक बाजूला दीड इंच वाढवा. बैठक १६ बाय १५ इंच असेल तर तुकडा १९ बाय १८ इंचाचा. रोलचा पन्हा बैठकीच्या रुंदीवर आडवा धरला तर १८ इंची रोल इथे एका इंचाने कमी पडतो, २४ इंची घ्यावा लागतो. अशा चार खुर्च्यांना सहा फूट जाळी लागते, वर अर्धा फूट जास्त घ्या. पट्टी एका खुर्चीला ६२ इंच भरते, पण सहा फूट घ्या म्हणजे कोपऱ्यांना आणि एखाद्या चुकीला जागा राहते. मराठवाड्यात वेत उगवत नाही, रोल पार्सलने येतो आणि प्रवासात खडखडीत वाळलेला असतो. आल्या आल्या तो जमिनीवर पसरून गुडघ्याने दाबू नका. चिरा तिथेच पडतात, दिसतात मात्र बसवल्यावर. रात्रभर ओल्या फडक्यात सैल गुंडाळून ठेवा, सकाळी तो आपणहून उलगडतो. खरा वेत आहे की प्लास्टिक याची खात्री करायची असेल तर सुटा धागा काडीवर धरा: वेत लाकडासारखा जळून राख होतो, प्लास्टिक वितळून गोळा होते. प्लास्टिकची जाळी भिजवून ताणली तरी वाळल्यावर आवळत नाही, म्हणून खाली दिलेली रीत तिला लागू नाही.

जुनी जाळी काढायला एक अख्खी दुपार राखून ठेवा. आधी जुन्या पट्टीच्या दोन्ही कडांनी कटर फिरवा, नाहीतर पट्टी उचकटताना पॉलिशचे पापुद्रे सोबत निघतात. मग कडेने चिंधीची वात घालून तिच्यावर गरम पाणी किंवा व्हिनेगर थेंबाथेंबाने सोडा, अर्धा तास थांबा, आणि मागच्या बाजूच्या जोडापासून अरुंद पटाशीने उचलायला घ्या. पटाशी खाचेपेक्षा अरुंदच हवी. तळाशी राहिलेला डिंकाचा थर खरवडून काढा. अर्धा सूत डिंक राहिला तरी नवी पट्टी वर उभी राहते. शेवटी खाचेच्या आतल्या कडेवरून बोट फिरवा. ओली जाळी याच कडेवरून वळून खाली जाते आणि बसणाऱ्याचा सगळा भार इथेच येतो. कड बोटाला टोचली तर जाळीलाही कापणार. १२० नंबरच्या पॉलिशपेपरने तिची धार फक्त मोडा, गोलाई काढत बसू नका.

चौकटीचे हलते सांधे आधी डिंक भरून, दोरीने आवळून, दिवसभर वाळवा. जाळी वाळताना चौकटीच्या चारही लाकडांना आत ओढते, सैल सांधा त्यात आणखी उघडतो. वाळवी किंवा भुंग्याची भोके दिसली तर तिथेच थांबा. पॉलिशही जाळीच्या आधीच करा.

हत्यारे थोडी, पण सगळी हाताशी हवीत: लाकडी ठोकणी, बारीक पटाशी, कटर, कात्री आणि ओली जाळी खाचेत दाबून धरायला दहा-बारा पाचरी. पाचरी बाभळीच्या किंवा सागाच्या तुकड्यांच्या करा, अडीच इंच लांब, टोक खाचेपेक्षा थोडे अरुंद आणि घासून बोथट केलेले. टोकदार पाचर धागा तोडते. डिंक फेव्हिकॉलसारखा पांढराच घ्या. इपॉक्सीने पट्टी कायमची बसते, आणि पुढच्या वेळी ती काढताना खाचच फुटते.

पाण्याचाही विचार करा. बोअरचे जड पाणी वाळले की वेतावर पांढरी पावडर सोडते, तेव्हा जारचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी घ्या. भांडे प्लास्टिकचे आणि पसरट असावे, लोखंडी नको. जाळी घडी न घालता, चकचकीत बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळा आणि कोमट पाण्यात दोन ते तीन तास पूर्ण बुडवा. उकळते पाणी वापरू नका. पट्टी शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत टाका. जाळीच्या कडेचा सुटा धागा बोटाला वेढून बघा. करकरला तर अजून वेळ आहे, मुकाट वळला तर झाली. रात्रभर बुडवलेली जाळी करडी पडते. चार खुर्च्या असल्या तरी एका वेळी एकच तुकडा भिजवा.

भिजायला ठेवल्यावर मिळालेल्या वेळात रिकाम्या चौकटीवर पेन्सिलीने चारही बाजूंच्या मध्याच्या खुणा करा. पाचरी त्याच क्रमाने बसतात: मागचा मध्य, पुढचा मध्य, मग डावा, उजवा, आणि तिथून कोपऱ्यांकडे. जाळीची आडवी ओळ पुढच्या कडेला समांतर राहिली पाहिजे; अर्धे घर सरकले तरी डोळ्यांना आयुष्यभर खटकते. खाचेच्या पलीकडे, तिला समांतर जाणारे मोकळे धागे उपसून टाकायचे. ते राहिले तर जाळी खाली जाताना गोळा होते आणि पट्टी बसत नाही. ताण हाताचाच ठेवा, ओली जाळी तळव्याने दाबली तर किंचित लवली पाहिजे. ओलेपणीच ढोलासारखी ताणली तर ती वाळताना तटकन तुटते किंवा पट्टीसकट वर येते. उरलेली किनार खाचेच्या बाहेरच्या भिंतीलगत, पृष्ठभागाच्या खाली पटाशीने छाटायची, मग डिंक, मग पट्टी. काटकोनी कोपऱ्यांत पट्टी ४५ अंशांत कापा. गोल कोपऱ्यांना एकच सलग पट्टी वळवा आणि जोड मागे घ्या.

दिवस निवडता येत असेल तर दसऱ्यानंतरचा निवडा. श्रावणात जाळी वाळायला चार दिवस घेते आणि बुरशीचे काळे ठिपके धरते. उन्हाळ्यातच करायचे असेल तर सकाळी लवकर सुरू करा, पंखा बंद ठेवा, हात नसेल त्या भागावर ओले फडके टाका. वाळवायची जागाही आधीच ठरवा: सावलीत, उन्हाच्या झळीपासून आणि कूलरपासून दूर, पूर्ण ४८ तास, आणि घरातल्या सगळ्यांना सांगून की त्या खुर्चीवर कुणी बसायचे नाही. पुढच्या मे महिन्यात जाळी फार कोरडी वाटली तर पाण्याचा फवारा खालून मारा, कारण वरची चकचकीत साल पाणी पीत नाही.