पार्सल अडकल्याचा ई-मेल आला? या चुका टाळा

दिवाळीच्या आधी अमेरिकेतल्या मुलाला फराळाचे पार्सल पाठवून माझी मावशी ते पोहोचल्याच्या निरोपाची वाट पाहत होती. चौथ्या दिवशी तिला ई-मेल आला : पत्ता अपूर्ण असल्याने आपले पार्सल गोदामात थांबले आहे, ४८ तासांत पत्ता दुरुस्त करून २५ रुपये भरावेत, अन्यथा ते परत पाठवले जाईल. फराळ खराब होईल या काळजीने तिने लगेच कार्डाचा तपशील भरला आणि काही मिनिटांतच तिच्या खात्यातून साडेअठ्ठेचाळीस हजार रुपये गेले. ई-मेल पाठवणाऱ्याला तिच्या पार्सलची सुतराम कल्पना नव्हती. असे ई-मेल एकाच वेळी असंख्य लोकांना धाडले जातात आणि त्यांपैकी कोणी ना कोणी त्या दिवशी खरोखरच पार्सलची वाट पाहत असतो.

पहिली चूक म्हणजे ई-मेलच्या दिसण्यावरून त्याचा खरेपणा ठरवणे. अशुद्ध भाषा ही फसवणुकीची खूण आहे, असे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. परंतु आता मजकूर निर्दोष असतो आणि बोधचिन्हही हुबेहूब असते. पाठवणाऱ्याचे नावही कोणतेही लिहिता येते, म्हणून त्या नावावर बोट ठेवून त्याखालचा पूर्ण ई-मेल पत्ता उघडून पाहावा. भारतीय डाक विभागाच्या नावाने असेच एसएमएस गेली काही वर्षे फिरत आहेत. ते खोटे आहेत आणि पत्ता दुरुस्त करण्यासाठी डाक विभाग अशी लिंक पाठवत नाही, हे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या फॅक्ट चेक विभागाने जाहीर केलेले आहे.

लिंक वाचताना होणारी चूक अधिक महागात पडते. आपण पत्ता डावीकडून वाचतो, सुरुवातीला ‘इंडियापोस्ट’ दिसले की निश्चिंत होतो आणि पुढचे वाचतच नाही. प्रत्यक्षात संकेतस्थळाचा मालक कोण, हे पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या लगेच आधी असलेल्या भागावरून कळते. डाक विभागाचे खरे संकेतस्थळ ‘इंडियापोस्ट डॉट गव्ह डॉट इन’ येथे संपते, आणि ‘डॉट गव्ह डॉट इन’ हा शेवट केवळ सरकारी संस्थांनाच मिळतो. भामटे मात्र ‘इंडियापोस्ट’नंतर टिंबाऐवजी आडवी रेघ देऊन ‘गव्ह’ जोडतात आणि शेवटी ‘डॉट टॉप’सारखे काहीतरी लावतात, किंवा खरा पत्ता पूर्ण लिहून त्याच्यापुढे आणखी एक नाव चिकटवतात. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावरही विसंबू नये; आपली माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही एवढेच ते सांगते, ती कोणाच्या हाती पडते आहे हे सांगत नाही.

म्हणून ई-मेलमधल्या लिंकवरून कधीच पुढे जाऊ नये. आपल्याकडच्या पावतीवरचा क्रमांक घ्यावा, संबंधित सेवेचे संकेतस्थळ स्वतः टाईप करून उघडावे आणि तेथे शोधावे. स्पीड पोस्टचा क्रमांक १३ चिन्हांचा असतो : आधी दोन इंग्रजी अक्षरे, मग नऊ अंक आणि शेवटी ‘आयएन’. ज्या ई-मेलमध्ये असा क्रमांकच नाही, किंवा असलेला क्रमांक पावतीशी जुळत नाही, त्याचा पुढे विचार करण्याचे कारण नाही.

‘पंचवीस रुपयांचेच तर आहे’ हा विचार तिसरी चूक. ती रक्कम मुद्दामच क्षुल्लक ठेवलेली असते, कारण भामट्याला हवा असतो तो कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन अंक. मावशीच्या फोनमध्ये बँकेचा तो संदेश अजून आहे. त्यात रक्कम स्पष्ट लिहिली आहे, एका अनोळखी दुकानाचे नाव आहे आणि त्यानंतर ओटीपीचे सहा अंक आहेत. कीबोर्डच्या वर फोनने ते सहा अंक आपसूक सुचवले आणि तिने त्यांवर बोट ठेवले. संदेश उघडलाच नाही. ओटीपी देण्यापूर्वी रक्कम आणि नाव वाचणे, ही एवढी सवय त्या दिवशी तिचे पैसे वाचवू शकली असती. परदेशातल्या काही संकेतस्थळांवर ओटीपीशिवायही व्यवहार होतो, म्हणून कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार गरज नसताना बँकेच्या ॲपमधून बंद ठेवावेत.

ई-मेलमधल्या क्रमांकावर फोन करून खात्री करून घेणे हीदेखील चूकच, कारण पलीकडे भामटाच असतो. कुरिअरवाला म्हणून बोलणारा कोणी ‘स्टार चारशे एक स्टार’ आणि त्यापुढे दहा अंकी क्रमांक फिरवायला सांगत असेल, तर फोन तत्काळ ठेवावा; तसे केल्यास आपले येणारे फोन त्याच्याकडे वळू शकतात.

पैसे गेल्यावर मात्र सर्वांत मोठी चूक होते ती संकोचाची. मावशीने दोन दिवस कोणाला सांगितले नाही, आणि त्याबद्दल तिला दोष देण्याचा मला अधिकार नाही. परंतु सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर लगेच फोन केल्यास पैसे पुढच्या खात्यांत पसरण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता असते. बँकेला कळवून कार्ड बंद करावे, तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवावी. रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या परिपत्रकात असे ठरवले होते की, ग्राहकाने स्वतःच तपशील दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेने सोसायचे. त्या एका फोनला एवढे मोल आहे. ई-मेल पुसून न टाकता पुरावा म्हणून जपावा.

यानंतरही एक सापळा उरतो. ‘तुमचे गेलेले पैसे आम्ही परत मिळवून देतो, थोडे शुल्क भरा’ असा फोन काही दिवसांनी येऊ शकतो. मावशीलाही तो आला. या वेळी तिने काहीच भरले नाही. तो क्रमांक वहीत लिहून घेतला आणि मला फोन केला.