सांज्याची ढाल

कॉमिक काढताना पॅनेल म्हणजे चौकटी कशा पाडायच्या, लेयर म्हणजे चित्राचे थर कसे ठेवायचे, संवादांचे फुगे कुठे बसवायचे हे तुम्हाला येतं असं धरून चालते. मी फक्त माझ्या कॉमिकसाठी मनाने रचलेल्या एका धातूबद्दल सांगणार आहे. त्याने सात महिने माझी झोप उडवली होती.

धातूचं नाव 'सांजं'. मावळतीचा उजेड पिऊन साठवतो म्हणून सांज, आणि सोनं-तांबं-शिसं यांच्या पंगतीत बसावा म्हणून शेवटी अनुस्वार. नाव सुचलं तेव्हा हिंजवडीहून येणाऱ्या बसमध्ये उभी होते. इतकी खूश झाले की स्टॉप चुकला. पहिले ५ भाग छान गेले. 'सांजं सापडलं', 'सांजं जागं झालं'. सहाव्या भागात मरणाच्या दारातला राजा लेकीला म्हणतो, "ही सांज्याची ढाल आता तुझी."

त्यावर वाचकाची पहिलीच प्रतिक्रिया आली: 'वरून तूप सोडा.'

सांज्याची पोळी! मी पुण्यात वाढले, सणासुदीला ती पोळी खात आले, आणि तरी मला ते दिसलं नव्हतं. नुसतं असताना देखणं वाटणारं नाव 'ची' लागताच थेट स्वयंपाकघरात गेलं.

हा सापळा नीट समजून घ्या, कारण नव्या लोकांपैकी जवळजवळ कोणीच याचा विचार करत नाही. मराठीत नाव एकटं राहत नाही, ते वाकतं. तांबं, पण तांब्याचा हंडा. शिसं, पण शिशाची गोळी. कासं, पण काशाची वाटी. म्हणजे तुमच्या धातूच्या शेवटी 'सं' असेल तर पुढे 'शा' येणार, तयारी ठेवा. पारा 'तो', चांदी 'ती', लोखंड 'ते'. पितळेचं तर घराघरांत वेगळं. कोणी पितळेची समई म्हणतं, कोणी पितळाची. खऱ्या धातूंना हे परवडतं, तुमच्या कालच जन्मलेल्या धातूला नाही. म्हणून चित्र काढण्याआधी नाव वाक्यांत घालून मोठ्याने म्हणा: अमक्याच्या खाणीत, अमक्याने मढवलेलं, अमक्याला तडा गेला, अमक्यातून धूर निघाला. घरात कोणाला तरी ऐकवा. आई जिथे हसेल तिथेच वाचक हसणार आहेत.

मी यापुढे जे केलं ते जास्त वाईट. घाबरून सातव्या भागापासून 'सांजेची' लिहायला लागले, बाराव्यापासून 'सांजाची'. वाचकांना वाटलं, हे तीन निरनिराळे धातू आहेत. एकाने तर कोणतं शस्त्र कशाचं याचा तक्ताच केला. माझं पितळ उघडं पडलं, दुसरं काय! बरं, दुरुस्त करावं तर फुग्यांतली अक्षरं चित्रात मिसळून टाकलेली. कादंबरीत शब्द शोधून बदलता येतो. इथे २२ भाग डोळ्यांनी चाळावे लागले. तेव्हा अक्षरांचा लेयर कधीही, कितीही घाई असली तरी, चित्रात मिसळू नका.

आम्हाला मार्गदर्शन करणारे एक ज्येष्ठ चित्रकार होते. ते म्हणायचे, "जग डोक्यात असावं, वहीत नाही." मी ते वेदवाक्य मानलं. पुढे लक्षात आलं, सर चार पानांच्या गोष्टी काढतात. चार पानांना डोकं पुरतं. चाळीस भागांना वहीच लागते. पुण्यात अप्पा बळवंत चौकात हवी तेवढी जाड मिळते. माझ्या वहीत प्रत्येक पदार्थाला एक पान आहे: लिंग, 'ची' लावल्यावरचं रूप, दरबारात काय म्हणतात, कारागीर काय म्हणतात, पहिल्यांदा कुठल्या भागात कुठल्या पॅनेलमध्ये आला. आणि लाल शाईत, तो काय करू शकत नाही. ही लाल ओळ नव्हती म्हणूनच माझ्या नायिकेने विसाव्या भागात भर दुपारी सांजं पेटवलं.

नावं पाडून देणाऱ्या यंत्रांबद्दल माझं मत वाईट आहे. 'तमोलोह', 'अग्निमणी' असली संस्कृत गोंदाने चिकटवलेली नावं गुण आधीच सांगून टाकतात, मग तुम्ही त्यांचे गुलाम. खरी नावं साधी असतात. पारा आणि गंधक एकत्र खलले की काळी पूड होते, वैद्य तिला कज्जली म्हणतात. रंग पाहिला, नाव दिलं. उलट, पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या दगडात, कॅव्हनसाइट नावाचं निळंशार खनिज सापडतं. त्याचं नाव कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांचे तुकडे जोडून केलेलं. सुंदर खडा, पण नाव औषधाच्या गोळीसारखं! माझ्या गोष्टीतले दरबारी पंडित पदार्थांना जी नावं देतात, ती मी याच पद्धतीने पाडते. आणि नवा शब्द मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात आधी बघून घ्या. १८५७च्या आवृत्तीत असे शब्द दडलेत की तुमचं दिव्य रत्न गुरांचा आजार निघू शकतं.

एवढं वाचून हातपाय गाळू नका. माझी अडलेली गाडी सुटली ती पुण्यातल्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत. ठोकून ठोकून तांबं कडक होतं, मग पुन्हा तापवून मऊ करावं लागतं, नाहीतर चिरतं. तासभर ठोक्यांचा आवाज ऐकत उभी राहिले आणि घरी येऊन वहीत लिहिलं: सांजं वापरून वापरून कडक होतं, मावळतीला तापवलं नाही तर तडकतं. या एका नियमावर पुढचे ११ भाग निघाले. दुपारी पेटवलेलं सांजं त्यानंतर तडकलं, म्हणजे माझी चूकही गोष्टीत मुरली.

वाचकाचा तीन धातूंचा तक्ताही मी ठेवून घेतला. 'सांजेचं' म्हणून विकलं जाणारं सगळं आता बनावट आहे, आणि ते ओळखणारी म्हातारी तांबटीण माझं सगळ्यात लाडकं पात्र. फक्त सहाव्या भागातली ढाल अजून तशीच आहे. तिची मूळ फाइल हरवली. दर दिवाळीला कोणीतरी नवीन वाचक तिथे पोहोचतो आणि तूप मागतो.