रास्पबेरी पायवर रिस्क ओएस : कार्ड लिहिण्यापासून पहिली फाइल साठवण्यापर्यंत

रास्पबेरी पाय हा एका बोर्डाचा छोटा संगणक हातात आला की बहुतेक जण त्यावर लिनक्स चढवतात, आणि रोजच्या कामासाठी तेच सोयीचे आहे. मात्र या बोर्डाच्या एआरएम प्रोसेसरचे मूळ घराणे पाहायचे असेल, तर रिस्क ओएस ही संगणकप्रणाली एकदा तरी चालवून पाहावी. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १९८०च्या दशकात एआरएम प्रोसेसर घडवला, १९८७मध्ये तो आर्किमिडीज संगणकात बसवून विक्रीला आणला आणि त्या संगणकाच्या आर्थर या प्रणालीची सुधारलेली आवृत्ती १९८९मध्ये रिस्क ओएस या नावाने दिली. म्हणजे ही प्रणाली दुसऱ्या प्रोसेसरवरून एआरएमवर आणलेली नाही, ती त्याच्यासाठीच लिहिली गेली. तिचा गाभा जेमतेम काही एमबींचा असून डेस्कटॉप काही सेकंदांत समोर येतो. त्याबरोबर तिच्या मर्यादाही जुन्या काळच्याच आहेत : वापरकर्त्यांची वेगवेगळी खाती नाहीत, एखादा प्रोग्राम बिघडला तर तो सगळी यंत्रणा अडवू शकतो आणि प्रोसेसरचा एकच कोअर (गणनेचा स्वतंत्र भाग) कामाला लागतो. बँकेचे व्यवहार या यंत्रावर करू नयेत.

बोर्ड निवडताना एक गोष्ट आधी पाहावी. रिस्क ओएस ३२ बिटची आहे, आणि पाय ५वरील प्रोसेसर प्रणालीच्या पातळीवर ३२ बिटचा कोड चालवत नाही. त्यामुळे पाय ५वर ती थेट सुरू होत नाही. झिरो, ३, ४ किंवा ४०० यांपैकी काहीही चालेल. एकच कोअर वापरला जात असल्याने चार कोअरचा लाभ मिळत नाही, तरीही पाय ४चा प्रत्येक कोअर मुळातच वेगवान असल्याने फरक जाणवतो. माऊस मात्र चाकाचा घ्यावा आणि ते चाक दाबून क्लिक होते ना, याची खात्री करून घ्यावी. लॅपटॉपसारख्या टचपॅडवर या प्रणालीशी झगडण्यात अर्थ नाही.

पाय ज्यावरून सुरू होतो ते मेमरी कार्ड तयार करणे हा सर्वांत सोपा भाग आहे. रास्पबेरी पायच्या अधिकृत इमेजर प्रोग्राममधील इतर प्रणालींच्या यादीत रिस्क ओएस असते. नाहीतर रिस्क ओएस ओपन या संस्थेच्या संकेतस्थळावरून पायची इमेज (कार्डावर जशीच्या तशी लिहायची संपूर्ण प्रत) उतरवून घेऊन तोच प्रोग्राम वापरून ती कार्डावर लिहावी. एप्रिल २०२४मध्ये आलेली ५.३० किंवा त्यानंतरची स्थिर आवृत्ती घ्यावी. दोन जीबीचे जुने कार्डही पुरते. लिहून झालेले कार्ड विंडोजमध्ये पुन्हा घातले, तर फक्त बूटचा, म्हणजे सुरुवातीच्या फाइलींचा, छोटा फॅट विभाग (विंडोजला वाचता येणाऱ्या रचनेचा) दिसतो, आणि उरलेला भाग ‘फॉरमॅट करू का’ असे विंडोज विचारते. तिथे नकारच द्यावा, कारण त्या भागात रिस्क ओएसची स्वतःची फाइलरचना असते आणि विंडोजला ती वाचता येत नाही.

पाय ४ला दोन मायक्रो एचडीएमआय तोंडे आहेत. त्यांपैकी वीजजोडणीच्या शेजारचे वापरावे. वीज दिल्यावर रंगीत चौकोन दिसतो आणि लगेच जातो. तो तसाच अडकून राहिला, तर बोर्ड नवा आणि इमेज जुनी अशी गाठ पडलेली असण्याची शक्यता जास्त असते, म्हणून आधी नवी इमेज लिहून पाहावी. पडद्याभोवती काळी चौकट उरत असेल, तर फॅट विभागातील कॉन्फिग या मजकूर-फाइलमध्ये ओव्हरस्कॅन (कडेने जागा सोडण्याची सोय) बंद करावे.

खरी तयारी यापुढे आहे, आणि ती हाताची आहे. माऊसच्या तीन बटणांना इथे नावे आहेत : डावे सिलेक्ट, मधले मेन्यू, उजवे ॲडजस्ट. खिडकीच्या माथ्यावर मेन्यूची पट्टी नसते. पॉइंटर जिथे असेल तिथे मधले बटण दाबले की तिथल्या वस्तूचा मेन्यू उघडतो. ॲडजस्ट हे सिलेक्टचे जोड-बटण आहे. मेन्यूतील नोंद त्याने निवडली तर काम होते आणि मेन्यू उघडाच राहतो, सरकपट्टीच्या बाणावर त्याने क्लिक केले तर मजकूर उलट दिशेला सरकतो.

फाइल साठवताना नवखा माणूस हमखास अडतो. खालच्या पट्टीवरील एडिट या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रामच्या चिन्हावर सिलेक्टने क्लिक करून चार ओळी लिहाव्यात आणि एफ३ दाबावे. एक छोटी चौकट उघडते : वर फाइलचे चिन्ह, खाली नाव लिहायची जागा, शेजारी ओके. फोल्डरांची उतरंड मात्र कुठेच नाही. नुसते नाव लिहून ओके दाबले, तर चिन्ह ओढून फोल्डरच्या खिडकीत टाका, असा संदेश येतो. तेच करायचे असते. हवा तो फोल्डर आधी उघडून ठेवावा, नाव लिहावे आणि चौकटीतील चिन्ह ओढून त्या खिडकीत सोडावे. फोल्डरऐवजी ते दुसऱ्या चालू प्रोग्रामच्या खिडकीत सोडले, तर मजकूर डिस्कवर न साठवताही थेट त्या प्रोग्रामकडे जाऊ शकतो. सवय झाल्यावर ही पद्धत इतकी सरळ वाटते की इतरत्र साठवणीसाठी उघडणारी मोठी खिडकीच अवजड भासू लागते.

नावांचे नियमही निराळे आहेत. फाइलच्या पथातील (ती कुठे आहे ते सांगणाऱ्या पत्त्यातील) फोल्डर वेगळे दाखवण्यासाठी टिंब वापरले जाते, त्यामुळे बाहेरून आलेल्या फाइलच्या नावातील टिंबाच्या जागी तिरकी रेघ दिसते. फाइलचा प्रकार नावावरून न ठरता तिच्यासोबत साठवलेल्या सोळाअंकी (हेक्साडेसिमल) पद्धतीच्या तीन अंकी खुणेवरून ठरतो. साध्या मजकुराची खूण एफएफएफ आहे. म्हणून रिस्क ओएससाठीचे झिप विंडोजवर उलगडू नये. तसे केल्यास खुणा गळून पडतात आणि प्रोग्राम सुरूच होत नाही. झिप जसेच्या तसे फॅट पेनड्राइव्हवरून आणावे आणि पायवरच उलगडावे. प्रोग्राम म्हणजे उद्गारचिन्हाने सुरू होणाऱ्या नावाचा फोल्डर असतो. शिफ्ट दाबून त्यावर डबल-क्लिक केले की आतल्या फाइली दिसतात.

नेटवर्कसाठी शक्य असल्यास आधी इथरनेटची तार जोडावी. ५.३०पासून पायच्या अंगच्या वायफायचीही सोय झाली आहे, पण पहिल्या दिवशी एकाच वेळी दोन नव्या गोष्टी कशाला? जोडणीच्या सेटिंग्ज कॉन्फिगर या सेटिंग्जच्या प्रोग्राममधील नेटवर्क विभागात असतात. पायच्या बोर्डावर घड्याळाची बॅटरी नसते, त्यामुळे तारीख-वेळ नेटवर्कवरून घेण्याची निवडही तिथल्याच तारीख-वेळ विभागात करून प्रदेश तपासावा. नवे प्रोग्राम पॅकमॅन या प्रोग्राम बसवण्याच्या साधनातून घ्यावेत, वेबसाठी नेटसर्फ हा ब्राउझर असतो. साधी पाने तो झटकन दाखवतो. जावास्क्रिप्टवर उभ्या असलेल्या संकेतस्थळांची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये. देवनागरीतील जोडाक्षरे आणि मात्रा नीट जुळवण्याची व्यवस्थाही या डेस्कटॉपमध्ये नाही, म्हणून मराठी लेखनासाठी हे यंत्र उपयोगाचे नाही.

एफ१२ दाबले की पडद्याच्या तळाशी तारांकन येते आणि तिथे आज्ञा देता येतात. बेसिक असे लिहिले की बीबीसी बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा सुरू होते. एआरएमच्या आज्ञासंचाची रचना करणाऱ्या सोफी विल्सन यांनीच ही भाषाही लिहिली, आणि तिच्या प्रोग्रामच्या पोटातच एआरएमची असेंब्ली (प्रोसेसरच्या थेट आज्ञांची भाषा) लिहिता येते, हे शिकणाऱ्यासाठी मोठे आकर्षण आहे. बेसिकच्या आज्ञा कॅपिटल अक्षरांतच लिहाव्या लागतात. तारांकनाच्या आज्ञांना ते बंधन नाही. क्विटने बेसिकमधून बाहेर पडावे आणि रिकामे एंटर दाबून डेस्कटॉपवर परतावे. एखादा प्रोग्राम अडकला, तर ऑल्ट धरून ब्रेक दाबल्यावर तो थांबवायचा का, असे प्रणाली विचारते. कीबोर्डवर पॉज असे लिहिलेले असते, तीच ब्रेकची कळ.

बंद करताना कंट्रोल, शिफ्ट आणि एफ१२ एकत्र दाबावे, वीज काढायला हरकत नसल्याचा संदेश येईपर्यंत थांबावे आणि मगच तार काढावी. सर्व सेटिंग्ज मनाजोगत्या झाल्या की पाय बंद करून कार्ड दुसऱ्या संगणकात घालावे आणि संपूर्ण कार्डाची इमेज काढून ठेवावी. फक्त दिसणाऱ्या फॅट विभागाची नक्कल पुरेशी नाही, कारण प्रोग्राम आणि आपल्या फाइली दुसऱ्या भागात असतात.