मांजर चावलं तर लगेच काय करायचं, बारीक भोक बघून गप्प बसू नका

घरचंच मांजर, दोन बारीक ठिपके उमटलेत, रक्तही फार नाही, म्हणून आपण बोट नळाखाली धरतो, पुसतो आणि विसरून जातो. मीपण तेच केलं होतं. मांजराला गोळी देताना अंगठ्याच्या मुळाशी चावलं, रात्री नुसतं ठणकत होतं, सकाळी बघते तर हात टम्म सुजलेला, गरम, ड्रेसचं बटण लावता येईना.

कुत्रा चावला की मांस फाटतं, जखम डोळ्याला दिसते. मांजराचे सुळे सुईसारखे, सरळ आत घुसतात आणि बाहेर निघाले की वरची कातडी मिटून जाते, तोंडातले जंतू मात्र आत खोल राहतात जिथे पाणी पोचतच नाही. पाश्चुरेला नावाचे बॅक्टेरिया तर अगदी धडधाकट मांजरांच्या तोंडातही सापडतात, त्यामुळे आमचं मांजर स्वच्छ आहे, बाहेर जात नाही, हे इथे कामाला येत नाही.

तर सगळ्यात आधी, अंगठी, बांगडी, घड्याळ काढा, सूज चढली की निघत नाही. मग वाहतं पाणी आणि साबण, पूर्ण 15 मिनिटं, घड्याळ लावून, कारण 2 मिनिटांतच आपल्याला वाटतं झालं आता. रक्त येत असेल तर येऊ दे थोडं. नंतर पोविडोन आयोडीन हे जंतुनाशक लावा, वर स्वच्छ कापड सैलसर. फेव्हिक्विकसारखं काही लावून किंवा पट्टी आवळून भोक बंद करू नका, घाण आत कोंडते. डॉक्टरसुद्धा असा चावा बहुतेक वेळा टाके न घालता उघडाच ठेवतात.

आता दुसरं, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, सूज यायची वाट बघू नका. हात, मनगट, चेहरा किंवा सांध्याजवळ चावलं असेल तर नक्कीच, कारण हातात कातडीच्या लगेच खाली सांधे आणि बोटं हलवणारे टेंडन असतात, तिथे पू झाला तर ऑपरेशनपर्यंत जातं आणि बोट कायमचं आखडू शकतं. डायबिटीस, लिव्हरचा आजार, प्लीहा काढलेली, केमो किंवा स्टेरॉइड चालू, लहान मूल, म्हातारं माणूस, यांनी तर एक तासही घालवू नये. डॉक्टर बहुधा अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट ही अँटिबायोटिक देतात, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा, आणि घरातली उरलेली अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने घेऊ नका, काही साध्या गोळ्या या जंतूंवर नीट चालतच नाहीत. धनुर्वाताचं इंजेक्शन 5 वर्षांत झालंय का तेही आठवून ठेवा.

रेबीजचं बोलल्याशिवाय उठू नका. मांजरामुळेही रेबीज होतो आणि लक्षणं दिसायला लागली की माणूस जवळपास वाचतच नाही, पण वेळेत लस घेतली तर तो टाळता येतो. मांजराचं लसीकरणाचं कार्ड सोबत न्या. मांजरावर 10 दिवस नजर ठेवायला सांगतात, पण रेबीज असलेल्या भागात तेवढे दिवस थांबून मग लस सुरू करायची असा त्याचा अर्थ नाही, डोस सुरू करायचे आणि मांजर 10 दिवस ठणठणीत राहिलं तर पुढचे थांबवायचे की नाही ते डॉक्टर ठरवतात. मांजर पळून गेलं, मेलं, विचित्र वागायला लागलं, तर लगेच कळवा.

घरी आल्यावर हात उशीवर उंच ठेवा. लाली आहे तिच्या कडेने पेनने रेघ मारून वेळ लिहा, याने माझं खूप काम सोपं झालं, 3 तासांनी लाली रेघेच्या बाहेर गेलेली दिसली तेव्हा शंकाच उरली नाही. लाली पसरतेय, हातावर लाल पट्टा वर चढतोय, पू, ताप, थंडी, बोट सरळ करताना कळ, यातलं एकही दिसलं तर रात्र असली तरी इमर्जन्सीला जा. पाश्चुरेलाचं इन्फेक्शन बहुतेक वेळा 24 तासांच्या आतच उसळतं.

आणि सगळं बरं वाटलं तरी पुढच्या 2-3 आठवड्यांत काखेत गाठ, बारीक ताप, अंग गळून गेल्यासारखं झालं तर तो मांजराकडूनच येणाऱ्या बार्टोनेला नावाच्या बॅक्टेरियाचा आजार असू शकतो, डॉक्टरना आठवणीने सांगा की मांजर चावलं होतं, नुसतं ओरखडलं असेल तरी.