मेपलखाली काहीच टिकत नव्हतं, शेवटी ॲस्टर लावला

न्यू जर्सीत आमच्या मागच्या अंगणात मोठ्ठा मेपल आहे, त्याच्या खाली गवत काही केल्या टिकेना, सावली दाट आणि वरवरची मुळं सगळं पाणी पिऊन टाकतात. मग इथल्याच रानातला व्हाइट वूड ॲस्टर आणला, आपल्या शेवंतीच्या कुळातला, त्याला कोरडी सावली चालते. झाडाची मुळं तोडायची नाहीत, मधल्या फटीत छोटी रोपं बसवायची, पहिला उन्हाळा पाणी द्यायचं, पडलेली पानं तशीच राहू द्यायची. ससे कोवळे शेंडे कुरतडतात म्हणून जाळी लावली, आणि जूनमध्ये जरा छाटला की लोळत नाही. सप्टेंबरात बारीक पांढरी फुलं येतात, मधला पिवळा गोंडा नंतर जांभळट लाल होतो. जमिनीखालून पसरतो खरा, पण आवरता येतो, नर्सरीवाला उगाच घाबरवत होता.